कमी लागणारी बंदूक

बंदुकीच्या दुकानात जाऊन "ह्यातली कमी लागणारी दाखवा" असं म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे शेजारी, बाबगोंडा आण्णा.

सांगलीच्या दुकानदाराला वाटलं, गिऱ्हाइकाला स्वस्तातली हवी असेल. त्यानं तशी एक छर्ऱ्याची बंदूक काढून समोर ठेवली. आण्णांनी ती कानाशी धरून हलवली, लाकडी दस्त्याचा वास घेतला, डोळा बारीक करून नळीतून आरपार बघितलं आणि विचारलं, "हिनं राघू मरतोय का?"

"मरतो की! एका छर्ऱ्यात खाली," दुकानदार छाती फुगवून म्हणाला.

आण्णांनी तापला तवा ठेवावा तशी ती बंदूक खाली ठेवली. "मग नगं."

दुकानातली सगळी माणसं आमच्याकडं बघायला लागली. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कारण आण्णांनी मला जाणकार म्हणून सोबत आणलं होतं.

माझं जाणकारपण काय ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लपवाछपवी नको. मी पंधरा वर्षं फौजेत होतो. कुंडलपासून दोन कोसांवरच्या आमच्या गावात मला सगळे फौजी म्हणतात. उडत्या पाखराचा डोळा फोडणारा नेमबाज, अशी माझी ख्याती होती. ती ख्याती मीच पसरवली होती. खरी गोष्ट अशी, की रंगरूट असताना माझ्या पाच गोळ्यांतली एक शेजारच्या जवानाच्या फळ्यावर बसली आणि बाकीच्या चार कुठं गेल्या ते सरकारलाही कळलं नाही. तेव्हा उस्तादानं मला स्टोअरमध्ये धाडलं. तिथं मी पंधरा वर्षं कांबळी मोजली. पण हाटेलात बसून कांबळ्यांच्या गोष्टी कोण ऐकणार? माझ्या गोष्टींत कांबळी नसायची, बंदुका असायच्या. गावात मला जो काही मान होता तो एवढ्यावरच होता, आणि तो जीव गेला तरी सोडायची माझी तयारी नव्हती.

आण्णा जैन. कांदा-लसूण नाही, सूर्य मावळायच्या आत जेवण, पाणी उकळून गाळून. त्यांची पेरूची बाग माझ्या बागेला लागून, मध्ये फक्त बांध. दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, झाडं पुन्हा लगडली होती आणि राघूंनी नुसता उच्छाद मांडला होता. अर्धा पेरू खायचा, अर्धा टाकायचा. आण्णा आधी गोफण चालवायचे. एकदा दगड भलतीकडं गेला आणि एका राघूचा पंख दुखावला. तो राघू आण्णांनी दोन महिने घरात ठेवून पेरूच्या फोडी घालून बरा केला आणि गोफण विहिरीत टाकली.

"फौजी, गोफणीचा काय भरवसा न्हाई बघा," ते मला म्हणाले. "नेमकी लागणारी वस्तू पायजे. पण जोर नगं. जीव हाय त्यो."

"जीव हाय त्यो" हे त्यांचं पालुपद. डास चावला तरी तेच, बैल अडून बसला तरी तेच. आणि खोटं म्हणून बोलायचं नाही. एकदा म्हैस विकायला काढली. गिऱ्हाइकानं विचारलं, "लाथ मारती का?" आण्णा म्हणाले, "मारती की. दूधबी कमीच देती." ती म्हैस तीन वर्षं दावणीलाच होती.

बंदुकीसाठी आम्ही सांगलीला तीनदा गेलो आणि साताऱ्याला एकदा. एसटीत आण्णा खिडकीशी बसायचे आणि मला कागदात बांधलेले शेंगा-गूळ द्यायचे. साताऱ्याच्या दुकानात एक एअरगन होती, काय सांगू तुम्हाला! अक्रोडी दस्ता, काळीभोर नळी, वर दुर्बीण. मला ती बघून तोंडाला पाणी सुटलं. "आण्णा, डोळे झाकून घ्या ही," मी म्हणालो. दुकानदार म्हणाला, मागच्या चौकात चालवून बघा. भिंतीवर काडेपेटी ठेवली.

आधी मी. जाणकार ना! मी ऐटीत पाय फाकवून उभा राहिलो, चाप ओढला आणि भिंतीचा पोपडा पडला. "वारं आहे," मी म्हणालो. त्या चौकात वारा यायला जागाच नव्हती. मग आण्णांनी बंदूक घेतली. जन्मात पहिल्यांदा. दोन्ही पाय जवळ, देवापुढं उभं राहावं तसं. काडेपेटी उडाली. "नशीब असतं नवख्याचं," मी हसत म्हणालो. पण पोटात काहीतरी दुखायला लागलं होतं, ते पुढं वर्षभर दुखत राहिलं.

आण्णांनी ती बंदूक घेतली नाहीच. "हिचा जोर लय हाय." चौथ्या खेपेला सांगलीच्या दुकानदारानं वैतागून कोपऱ्यातली एक धूळ खात पडलेली काढली. दस्ता फिका, स्प्रिंग थकलेली. "हिच्यात जोर नाही, पण जाते मात्र नाकासमोर," तो म्हणाला.

"माझ्यागत हाय," आण्णा खूश होऊन म्हणाले आणि लगेच घेतली.

आता तुम्ही म्हणाल, अशा बंदुकीनं राघू हटायचे कसे? आण्णांनी बागेतल्या झाडाझाडांवर डब्यांची पत्र्याची झाकणं टांगली. प्रत्येक झाकणामागं पोतं. राघू बसले की आण्णा खालून झाकणावर नेम धरायचे. ठण्ण! सगळे राघू भुर्र. छर्रा पोत्यात पडायचा, संध्याकाळी ते सगळे छर्रे वेचून घ्यायचे. का, तर पाखरू दाणा समजून गिळेल. आडवं पडून नेम धरायच्या आधी उपरण्यानं जमीन झाडायचे, मुंगी चिरडायला नको म्हणून. तोवर राघू दोन पेरू जास्त खायचे, पण आण्णांची सबुरी सुटायची नाही.

आणि इथंच सगळा घोटाळा झाला. झाकणाशेजारच्या फांदीवर राघू बसलेला असायचा. त्याला लागू नये या धास्तीनं आण्णा असा नेम धरायला लागले, की चार महिन्यांत हा माणूस पन्नास पावलांवरनं बाटलीचं बूच उडवायला लागला. मी हे माझ्या डोळ्यांनी बांधावरून बघत होतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. पंधरा वर्षं सरकारचं खाल्लं मी, आणि नेम लागावा कुणाचा, तर मुंगीला बाजूला सारणाऱ्या माणसाचा!

त्यात आणखी भर म्हणजे तिकडून उठलेले सगळे राघू माझ्या बागेत येऊन बसायचे. बायको रोज जेवायला वाढताना म्हणायची, "आवं, आण्णांचं बघा जरा. न्हाईतर तुमी! एवढं फौजेतलं, पर एक राघू उठवाय येत न्हाई." हाटेलात गेलो तर तिथंही आण्णाच. "लय भारी नेम गड्या आण्णांचा!" मी माझी काश्मीरची गोष्ट काढली, तर एकजण उठून पान खायला गेला. मी मनातल्या मनात त्या बंदुकीची स्प्रिंग तुटावी म्हणून नवससुद्धा बोललो. लाज वाटते सांगायला, पण बोललो.

मग आली जत्रा. त्या वर्षी पंचांनी नवीन टूम काढली. देवळापुढच्या लिंबाला दोऱ्यानं बत्तासा टांगायचा, आण्णांच्या बंदुकीनं तीन छर्ऱ्यांत फोडायचा. फोडेल त्याला सरपंचांच्या हातनं फेटा. आण्णांना गावानं आजवर कधी कशाला पुढं बोलावलं नव्हतं. त्यांची लेक मुद्दाम कडेगावाहून आली होती. आण्णांनी नवं धोतर नेसलं होतं आणि मांडवाच्या कडेला ते हात जोडून बसले होते.

पहिला मान अर्थातच फौजींचा. मी आदल्या दिवशी सासुरवाडीला, रहिमतपूरला पळ काढायच्या बेतात होतो, पण बायकोनं आधीच गावभर सांगून ठेवलं होतं.

पहिला छर्रा कुठं गेला ते देवाला ठाऊक. दुसरा लिंबाच्या खोडात. तिसरा हाटेलाच्या पत्र्यावर टण्णकन वाजला आणि आतून हाटेलवाला ओरडत बाहेर आला. मांडवात खसखस पिकली. कुणीतरी मागून ओरडलं, "फौजी, लढाईत कुणाच्या बाजूनं हुता रं?"

झालं. पंधरा वर्षं आणि वर हाटेलातली सगळी वर्षं, एका बत्ताशानं पाण्यात गेली. माझे कान तापले होते. वर बघायची सोय नव्हती.

तेवढ्यात आण्णा उठले. लोकांना वाटलं, आता त्यांची पाळी. टाळ्या सुरू झाल्या. आण्णांनी माझ्या हातातनं बंदूक घेतली, नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे ज्यावरनं नेम धरतात ती, अंगठ्यानं चाचपली आणि मोठ्यानं म्हणाले, "माशी हललीया हिची. काल माझ्या हातनं पडली हुती. फौजींचा कायबी दोष न्हाई ह्यात."

हसणाऱ्यांनी माना डोलावल्या. म्हशीची लाथसुद्धा न लपवणारा माणूस बोलत होता. सरपंच म्हणाले, "मग आण्णा, तुमी तरी?"

"आता मी तरी काय करणार? ऱ्हाऊ द्या."

फेटा देवाच्या पालखीला बांधला. लेक आण्णांच्या तोंडाकडं बघत राहिली. पण त्याच दिवशी सकाळी त्याच बंदुकीनं आण्णांनी एकामागोमाग एक सात झाकणं वाजवलेली मी बांधावरून बघितली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं गेलो. आभार मानायला गेलो की भांडायला, मलाच कळत नव्हतं. माणसानं किती चांगलं असावं याला काही मर्यादा? आण्णा सोप्यात भिंतीला टेकून बसले होते. आक्का, त्यांच्या घरच्या, तक्रारीच्या सुरात म्हणाल्या, "बघा की, आज उपास धरलाय. अष्टमी न्हाई, चौदस न्हाई. जत्रेला लेक आलीया, पुरणपोळी केलीया, आनि ह्यांचं हे असं. इचारलं तर बोलत न्हाईत."

मला एका क्षणात कळलं. खोटं बोलल्याचा उपास होता तो.

आक्का आत गेल्यावर मी खाली बसलो. "आण्णा, मी फौजेत बंदूक नाही चालवली. कांबळी मोजत होतो."

"ठाव हाय."

"कधीपासून?"

"साताऱ्यात. चाप वढताना तुमी दोनी डोळं मिटून घेतलासा."

"मग पुन्हा सांगलीला कशाला नेलंत मला?"

"घरात मी एकलाच असतोय. आक्का देवळात, लेक सासरी. माझ्यासंगं एसटीत कोण बसणार, फौजी? ही बंदूक घ्यायची हुती तवर तुमी येत हुतासा."

मग त्यांनीच विचारलं, "किती असत्याली वो कांबळी?"

मी सांगायला लागलो. गठ्ठे कसे बांधायचे, कसर लागू नये म्हणून काय करायचं, कुठल्या पलटणीनं किती परत केली नाहीत. आण्णा उपाशीपोटी ऐकत होते, मध्येच "मग?" म्हणत होते. पंधरा वर्षांत कुणी मला हे विचारलं नव्हतं. त्यांचं खोटंसुद्धा माझ्या खऱ्यापेक्षा चांगलं निघालं, याचा मला तिथं बसल्या बसल्या पुन्हा एकदा हेवा वाटला, आणि डोळ्यांत पाणीही आलं. आक्कांनी मला पुरणपोळीचं ताट आणलं. मी नको म्हणालो.

घरी आलो. बायकोनं वाढलेलं ताटही सारून ठेवलं. ती म्हणाली, "काय झालं?" मी म्हणालो, "पोट बिघडलंय."

म्हणजे पुन्हा खोटंच. दुसऱ्या दिवशीचा उपास माझा एकट्याचा होता.