रिकाम्या जीवनची चौकशी

अख्ख्या भीमपूर मंडळात आपल्याएवढा रिकामा माणूस दुसरा नाही, असं जीवन छाती फुगवून सांगायचा. का सांगू नये? गुडीहत्नूरची कापसाची जिनिंग बंद पडली, फिटरकी गेली; पण पगारातून विमा कापला जायचा, म्हणून काही महिने अर्धा पगार भत्ता मिळतो असा कायदाच त्याने शोधून काढला होता! अर्जाची दरखास्त टाकली. आता फक्त तपासणीचा साहेब येऊन पोरगा खरोखर रिकामा आहे ना, तेवढं बघणार. भत्ता हुकला की म्हाताऱ्या आईला एकटं टाकून हैदराबादेत वॉचमनकी ठरलेली.

दरखास्तीचं मात्र त्याने गावात कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सारं गाव रिकामं झालं असतं!

"तू चिंता नको करू, माय," तो रेणुकाबाईंना म्हणाला. "रिकामं बसण्यात आपला हात कोणी धरत नाई!"

साहेब येणार त्या दिवशी रेणुकाबाई त्याच्या चहासाठी दूध आणायला गेल्या. जीवनने अंगणात खाट टाकली, रंगीत तालीम म्हणून डोळे मिटले, आणि जिनिंगचं मशीन लाजावं असा घोरू लागला.

तेवढ्यात कडक इस्त्रीतले, तपासणीचे व्यंकटराव साहेब मोटारसायकलवरून उतरले. झोपलेल्याला कशाला उठवा, म्हणून शेजारच्या चंद्रभागाकाकूंना विचारलं, "हा मुलगा करतो काय सध्या?"

झालं! मंडळी, इस्त्रीतला परका माणूस लग्नाच्या पोराबद्दल असं विचारतो, तेव्हा त्याचा आमच्याकडे अर्थ एकच: सोयरिकीची चौकशी. आणि कोणाचं जुळतं मोडणं म्हणजे उभ्या कपाशीत बैल सोडण्याएवढं पाप!

"फिटर हाय, पर्मनंट!" काकू म्हणाल्या.

"मग भरदिवसा झोपलाय?"

"रातपाळी करून आला न बिचारा!"

पानठेला सोडून भगवानराव धावले. "फिटर? काऊन कमी सांगून राह्यली, वैनी? मॅनेजर झाला तो!"

"पण जिनिंग तर बंद आहे!"

"एक बंद पडली तं दुसरीवाल्यानं घरून उचलून नेला, साहेब!"

दूध आलं तेव्हा दारात नुसता धुरळा होता. पुढे निकाल आला: अर्जदार रातपाळीचा मॅनेजर, दरखास्त नामंजूर!

जीवनने पारावर उभं राहून गाव डोक्यावर घेतलं. "तुमच्यापाई सरकारी भत्ता बुडाला! आता कोणीबी विचारलं तं खरं सांगा! पोट्टा रिकामा हाय म्हना!"

गाव खजील झालं. प्रायश्चित्ताची वाट पाहू लागलं.

रविवारी मोटार आली. व्यंकटराव, पत्नी चारुशीलाबाई, मिठाईचा डबा! सारं गाव ज्याचे गुण गातं असा मॅनेजर भाची मयूरीच्या हातून कसा सुटू द्यायचा? तरी रिवाज म्हणून बाईंनी आधी शेजारी विचारलं.

काकूंनी भत्त्याच्या साहेबाला ओळखलं आणि पदर खोचला. "नोकरी? त्याले? अजगर बरा, बाई! तो गिळाले तरी तोंड उघडते!"

"कूस बदलाचा बी त्याले कंटाळा!" भगवानरावांनी ठोकून दिलं.

मोटार वळली. जीवन एका बाहीत हात, दुसरी लोंबकळती, असा मागे धावला. "साहेब, पटलं न मी रिकामा हाय? मग भत्ता द्या!"

"कागदावर तू मॅनेजर आहेस. भत्ता कसा देऊ? आम्ही तर भाचीसाठी तुला बघायला आलो होतो!"

"मग मॅनेजरले पोरगी द्या!"

"पोरगी काय कागदाला द्यायची?"

चारुशीलाबाईंनी काच वर केली. मोटार गेली. मिठाईचा डबाही गेला.

काकूंनी मायेनं जीवनच्या पाठीवर हात ठेवला. "पाह्यलं न, बाप्पा? या बारीले एक शब्द खोटा नाई सांगितला!"