रस्त्यापासून दोन फूट वर

होळी गावातल्या वाडीत सासूबाईंच्या जुन्या घरासमोर स्वतःचं घर बांधायचं, हा निर्णय शर्लिनने पूर्ण शुद्धीत घेतला होता. गेल्या वर्षी जुन्या घरात पाणी शिरलं आणि ॲनिशाचा पाळणा टेबलावर चढवावा लागला. यापुढे लेकीच्या अंथरुणाला पाणी लागता कामा नये, हा बांधकामाचा एकमेव उद्देश. बाकी सगळी परिशिष्टं.

शर्लिन बी.एस्सी. असल्याने कुणावर विश्वास ठेवणं तिला शक्य नव्हतं. नवरा एरॉल कामाला गेला की ती रेतीचे नमुने तपासायला बसे. गाळ मोजायला घरात मापाच्या खुणांची एकच बाटली होती, ती ॲनिशाच्या दुधाची. खाडीची रेती चाखून ओळखता येते असं तिने वाचलं होतं. म्हणून रोज सकाळी ती चिमूटभर रेती जिभेवर ठेवून डोळे मिटे आणि दुसऱ्या हाताने ॲनिशाच्या तोंडातली माती काढत ‘छी, घाण’ म्हणे. तीन ट्रक तिने खारट म्हणून परत पाठवले. चौथ्या ट्रकवाल्याने निरोप धाडला, की मॅडमना कशी चव लागते ते कळवा, तशी पाठवतो.

मग पाया भरून जोत्यापर्यंत आला. नकाशात स्पष्ट लिहिलं होतं: ‘जोते, रस्त्याच्या पातळीपासून दोन फूट वर.’ जयराम गवंड्याने कागद उलटसुलट पाहिला.

“ताई, कंच्या रस्त्याच्या? आताच्या, का पुढल्या साली यावर चढवतील त्याच्या?”

या प्रश्नाने शर्लिनची झोप उडाली. ती पालिकेच्या कार्यालयात गेली. साहेब अत्यंत सौजन्याने म्हणाले, की रस्ता उंच होणार हे नक्की, पण किती, ते दोन्ही बाजूंची जोती पूर्ण झाल्यावरच ठरेल. जोत्यांची सरासरी काढून पातळी धरतात.

“आणि जोतं कशाच्या हिशेबाने बांधायचं?”

“अर्थातच रस्त्याच्या.”

शर्लिनने सावधगिरी म्हणून चार फूट धरले. शेजारी सुझानचंही बांधकाम चालू होतं. ती सहज म्हणून आली, दारातल्या झेंडूचं कौतुक केलं, आणि दुसऱ्या दिवशी तिचं जोतं पाच फूट झालं. शर्लिन काही स्पर्धा करणारी नव्हती. तिने फक्त दक्षता बाळगली: साडेपाच. समोरच्या गॅब्रिएल अंकलनी सहा केलं, मग सुझानने साडेसहा. तिन्हीकडे गवंडी जयरामच असल्याने माहिती अचूक मिळत होती आणि कुणाचंच काम अडत नव्हतं. सरासरी वाढली, तसा रस्त्याचा अंदाजही दोनदा सुधारला गेला. शर्लिनचं जोतं सात फुटांवर थांबलं, तेही केवळ भरावाचा मुरूम त्याहून वर चढवता येईना म्हणून.

वर जायला चौदा पायऱ्या झाल्या. सासूबाई डेल्फिन पहिल्या पायरीवरच बसल्या.

“बाय, ह्ये घर हाय का मनोरा? मी नाय चढायची. अन् पोरीला हितं सोडशील?”

शर्लिनने पायऱ्यांकडे पाहिलं. कठड्याच्या गजांतून दीड वर्षाचं डोकं आरामात जात होतं; तिने मोजलंच होतं. तेव्हा ॲनिशा चढउतार शिकेपर्यंत तिने आजीजवळ, खाली जुन्या घरातच झोपावं, असं सर्वानुमते ठरलं.

त्या वर्षीच्या पावसात तिन्ही जोती ठणठणीत कोरडी राहिली. तिन्हींवरून उतरलेलं पाणी उताराने एकाच घरात गेलं. टेबल बुडालं, तेव्हा पाळणा कपाटावर ठेवावा लागला.

शर्लिनने त्याच दिवशी सुवाच्य अक्षरात तक्रार लिहिली: ‘जबाबदार जोत्यांची उंची तपासावी.’ साहेब स्वतः टेप घेऊन आले. गॅब्रिएल अंकल, सहा. सुझान, साडेसहा. शर्लिन, सात.

“मॅडम, ‘कोणाविरुद्ध’ या रकान्यात काय लिहू?”

छापील अर्जात ‘इतर’ असा एक चौकोन होता. शर्लिनने क्षणभर विचार केला आणि तिथे ठळक खूण केली. साहेबांनी अर्ज गठ्ठ्यावर ठेवला. त्याच्या लगेच खालचा अर्ज, वाचकहो, तुमचा आहे; त्यावरही खूण ‘इतर’वरच.