पंचेचाळीस एचपीचा राग

ट्रॅक्टरच्या शोरूममधून बाहेर पडल्यापासून सिस्टर एक अक्षर बोलल्या नव्हत्या. त्या चिडून बोलल्या असत्या तर ड्रायव्हरसाहेबांना ते परवडलं असतं. उलट उत्तर देता येतं, आवाज चढवता येतो, शेवटी दार आपटून बाहेर जाता येतं. पण मिटलेल्या तोंडापुढे माणूस करणार काय?

"अगं, काहीतरी बोल तरी!"

सिस्टर खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दोघंही निवृत्त झालेली. ते आयुष्यभर बस चालवून, त्या आयुष्यभर हॉस्पिटलातला वॉर्ड चालवून. गावाबाहेर त्यांची दोन एकर जागा होती. तिथे छोटं घर, पत्र्याची शेड आणि मागे उतारावर लिंबाची बाग. ही बाग सिस्टरांची. सुटीचा दिवस मिळाला की त्या इथे येऊन खड्डे खणायच्या, रोपं लावायच्या. रात्रपाळी करून आल्या तरी आधी झाडांना पाणी, मग स्वतःला चहा. आता झाडं फळाला आली होती आणि सिस्टरांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. ओळींमधलं गवत काही हाताने आवरेना. तेव्हा छोटा ट्रॅक्टर घ्यायचा, असं दोघांचं ठरलं. 'छोटा' या शब्दावर त्या दिवशी दोघांचं एकमत होतं.

शोरूमला जाताना सिस्टरांनी बरोबर एक काठी घेतली होती. दोन ओळींमधल्या फांद्या सोडून जेवढी मोकळी जागा उरते, बरोबर तेवढ्या लांबीची. तिथे गेल्यावर त्यांनी ती काठी प्रत्येक ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना आडवी लावून पाहायला सुरुवात केली. विक्रेता तरुण होता आणि फारच गोड बोलत होता.

"मॅडम, हा अठरा एचपीचा बघा. बागेसाठीच बनवलाय. अरुंद, बुटका, जागच्या जागी वळतो."

काठी लावली. दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरली.

"हाच," सिस्टर म्हणाल्या.

ड्रायव्हरसाहेबांनी त्या ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली. ज्या माणसाने पन्नास प्रवासी घेऊन घाट पार केले, त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे भाव होते, ते सिस्टरांनी पाहायला हवे होते.

"याचं स्टेअरिंग म्हणजे बशी आहे नुसती. आणि बसलो तर माझे गुडघे कानाला लागतील."

"तुम्हाला मिरवणुकीत जायचंय की गवत काढायचंय?"

एवढ्यावर गोष्ट मिटली असती. साहेब कुरकुरत का होईना, हो म्हणाले असते. पण विक्रेत्याला गप्प राहवलं नाही.

"काका, तुमच्या वयाला हाच झेपेल," तो म्हणाला. "मोठ्याचा क्लच जड असतो."

साहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"झेपेल? मला झेपेल? अरे, तू दुपट्यात होतास तेव्हा मी धुक्यात घाटातून गाडी मागे घेतलीय! तो मोठा कुठला आहे? तो, कोपऱ्यातला!"

"तो पंचेचाळीसचा, काका. तुमच्या दोन एकराला—"

"एकर माझे आहेत! तू ट्रॅक्टर विक!"

सिस्टर काठी घेऊन कोपऱ्यापर्यंत धावल्या. काठी दोन चाकांच्या मधेच संपली. त्यांनी ती साहेबांच्या डोळ्यांपुढे नाचवली, पण साहेबांच्या डोळ्यांपुढे आता फक्त तो पोरगा होता. ट्रॅक्टर बुक झाला. सिस्टरांनी ओठ मिटले, ते मिटलेच.

ट्रॅक्टर घरी आला तो दिवस निरभ्र होता, पण घरात ढग होतेच. साहेब टोपी घालून वर चढले. उंचावर बसल्यावर त्यांना बरं वाटलं. खरखरीत आवाज, पायाखाली थरथर, समोर लांबलचक बॉनेट. त्यांनी रुबाबात फाटकातून गाडी आत घेतली आणि मागच्या चाकाने फाटकाचा डावा खांब सहज आडवा केला.

सिस्टर ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी खांबाकडे पाहिलं.

"कच्चाच होता तो," साहेब वरून ओरडले.

सिस्टर आत गेल्या आणि स्वयंपाकघरात भांडी अशी काही वाजली की साहेबांना इंजिनाच्या आवाजातही ऐकू आली.

मग ट्रॅक्टर शेडमध्ये लावायचा प्रयत्न झाला. सायलेन्सरच्या नळकांड्याने पुढचा पत्रा उचलून उभा केला. साहेबांचा पारा आता आपोआप चढत होता. खांबावर राग, पत्र्यावर राग, शेड बांधणाऱ्या गवंड्यावर राग. शहाण्या माणसाने इथे इंजिन बंद केलं असतं. साहेबांनी मागे गवतासकट माती उलथणारा रोटाव्हेटर जोडला आणि सरळ बागेत घुसले. एकदा गवत साफ निघालेलं दिसलं की बाईचं तोंड उघडेल, असा हिशेब होता.

पहिल्याच ओळीत दोन्ही बाजूंच्या फांद्या साहेबांना येऊन भेटल्या. लिंबाला काटे असतात, हे ते विसरले होते. बाही फाटली, टोपी मागे फांदीवर लटकत राहिली, गालावर ओरखडा उठला. पण ते हटले नाहीत. ओळीच्या शेवटी मात्र हटावंच लागलं, कारण पुढे शेजाऱ्याची जाळी होती आणि वळायला जागा नव्हती. त्यांनी दात ओठ खाऊन गाडी मागे घेतली.

कडाड असा आवाज झाला.

भांड्यांचा आवाज थांबला. सिस्टर हातातलं फडकं तसंच घेऊन धावत आल्या. कोपऱ्यातलं झाड, त्यांनी लावलेलं सगळ्यात पहिलं, बुंध्याजवळ दुभंगलं होतं आणि त्याची मोठी फांदी सालीवर लोंबकळत होती.

"उतरा," सिस्टर म्हणाल्या. इतक्या दिवसांनंतरचा तो पहिला शब्द.

"थांब, आधी बाहेर काढतो—"

"खाली उतरा म्हणते ना मी!"

वॉर्डमध्ये या आवाजाला डॉक्टरसुद्धा घाबरत. साहेबही घाबरले. मागे बायको, मागेच मोडलेलं झाड. त्यांना एकच दिशा मोकळी दिसली आणि त्यांनी गाडी पुढे घातली. शेजाऱ्याची जाळी ताणली, तुटली आणि बॉनेटवर पांघरुणासारखी पडली. जाळीपलीकडे कोंबड्या होत्या. त्या चारी दिशांना उधळल्या. कोंबड्यांच्या शेड धुतलेलं पाणी जिथे साचतं त्या दलदलीत ट्रॅक्टर शिरला, गुरगुरला आणि मागची चाकं अर्धी आत रुतवून शांत झाला.

शेजारी म्हणजे कोंबडीवाला. मोठं शेत, मोठ्या शेड आणि त्याहून मोठा आवाज.

"डोकं ठिकाणावर आहे का साहेब? माझ्या कोंबड्या! माझी जाळी!"

"जाळी इतकी बागेला चिकटून लावतात का?"

"मग काय तुमच्यासाठी हमरस्ता सोडू? दोन एकराला हा हत्ती कशाला आणलात?"

"तुमच्यासारखा बेडूक आणायचा होता की काय?"

कोंबडीवाल्याकडे छोटा ट्रॅक्टर होता, शेडच्या मधल्या बोळांतून फिरणारा. बेडूक हा शब्द त्याला फारच लागला. तो तणतणत गेला आणि ट्रॅक्टर घेऊन आला. "बघा आता बेडूक काय करतो ते." त्याने दोर बांधला, जोर लावला. छोट्याची पुढची चाकं हवेत उठली, मागची जागेवर गरगर फिरली आणि तोही दलदलीत जाऊन बसला.

आता दोन ट्रॅक्टर चिखलात होते आणि दोन पुरुष एकमेकांवर ओरडत होते.

"याच्यात जीव आहे का काही! म्हणून तर तुमचं वरचं शेत अजून नांगरून झालं नाही!"

"नाहीच झालं! तीन आठवडे घासतोय, जमीन ढिम्म हलत नाही! तुम्हाला काय, तुमचा हत्ती नुसता झाडं मोडायला!"

"गप्प!" सिस्टर म्हणाल्या. "दोघंही. एकदम गप्प."

एक कोंबडी सोडून सगळे गप्प झाले.

"तुम्हाला मोठं शेत आहे, मोठा ट्रॅक्टर नाही. यांना छोटी बाग आहे, छोटा ट्रॅक्टर नाही. आणि दोघांना तोंड तेवढं आहे. ट्रॅक्टर बदला. वरचा काय पैशांचा फरक असेल तो उद्या अंघोळी करून मिटवा. आत्ता लिंबांच्या खोक्यांच्या फळ्या आणा आणि चाकांखाली घाला."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दोघांच्याही मनात आलं, आपल्याला हे आधी का सुचलं नाही. मग दोघांनाही त्याचाच राग आला आणि त्या रागात फळ्या भराभर आल्या.

संध्याकाळी सिस्टर मोडलेल्या झाडापाशी बँडेजची गुंडाळी घेऊन बसल्या. त्यांनी फांदी उचलून मूळ जागी बसवली.

"धरा इथे. हलवू नका."

साहेबांनी धरली. काटा तळहातात रुतला तरी हलले नाहीत. सिस्टर आवळून पट्ट्या बांधत होत्या, हात सराईत आणि चेहरा अजून कडक.

"जगेल का गं?"

"बघू."

सिस्टरांनी पुढची पट्टी घेतली.

"तो पोरगा मला म्हातारा म्हणाला," साहेब पुटपुटले.

"म्हणाला तर म्हणाला. आहातच." सिस्टरांनी शेवटची गाठ मारली. "मीही आहे. मी घेतला का पंचेचाळीसचा?"

"चुकलं माझं."

"हं," सिस्टर म्हणाल्या. "आत चला. त्या ओरखड्यालाही काहीतरी लावायला हवं."

झाड जगलं. कागदपत्रं रीतसर बदलली. आणि छोटा ट्रॅक्टर साहेबांच्या हाती काही लागला नाही, कारण त्याच्यावर सिस्टरच बसायला लागल्या. ओळीतून सुळकन जायच्या, टोकाला गर्रकन वळायच्या. साहेब मागून लिंबं वेचत चालायचे आणि कौतुक तोंडावर दिसू न देण्याचा प्रयत्न करायचे.

पावसाळ्याआधी एके सकाळी सिस्टर शेणखताची ट्रॉली भरून चढाकडे निघाल्या. ट्रॅक्टर अर्ध्या चढावर धापा टाकायला लागला, खोकला आणि बंद पडला. सिस्टरांनी पुन्हा चालू केला. पुन्हा बंद. त्या खाली उतरल्या आणि त्यांनी टायरला सणसणीत लाथ मारली.

"दमच नाही याच्यात! चढ दिसला की मान टाकतो. जरा मोठा घ्यायला हवा होता."

साहेबांनी टोपली खाली ठेवली.

"मोठा कशाला? दोन एकराला हा पुरे. तू ट्रॉली अर्धी भर."

"अर्धी भरून दुप्पट फेऱ्या कोण मारणार? मी पंचेचाळीसचा म्हणत नाहीये. पंचवीस-तीसचा."

"आणि ओळीत शिरणार कसा तो? आधी रुंदी बघायची, मग ताकद."

"तुम्ही मला रुंदी शिकवणार? तुम्ही?"

"शिकवणार! फांद्यांचे फटके मी खाल्लेत!"

आवाज चढत गेले. बांधापलीकडे कोंबडीवाला पंचेचाळीस एचपीवर बसून झोकात निघाला होता. भांडण कानावर पडताच त्याने गाडी थांबवली. 'मोठा', 'घ्यायला हवा होता', एवढंच त्याला ऐकू आलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"परत मागायचा नाही हां!" तो ओरडला. "सांगून ठेवतो! सही झालीय!"

दोघंही त्याच्याकडे वळले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा नवराबायको एका सुरात, एकाच शब्दात, सगळं शिवार हादरेल एवढ्या मोठ्याने ओरडली:

"कोण मागतंय!"

कोंबडीवाल्याने घाईघाईने गिअर टाकला. त्याचा धुरळा खाली बसेपर्यंत दोघं कमरेवर हात ठेवून तिकडे बघत राहिली.

"भांडखोर माणूस," सिस्टर म्हणाल्या.

"फारच," साहेब म्हणाले आणि ट्रॉलीला मागून खांदा लावायला गेले.