चित्रातली मोकळी जागा

कुणीतरी माझं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं. नाव घेत नाही, कारण मला याच घरात राहायचंय. पण चित्रं आपण होऊन वळत नाहीत.

माझा गुन्हा एवढाच, की जेवणघरातलं येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र (आमच्या पुएब्ला शहरात घरोघर तेच!) उतरवून मी आधुनिक कला टांगायची ठरवली. फिलेमोनकाकांच्या फ्रेमच्या दुकानात एका वस्तुचित्राची छापील प्रत निवडली: तिरकं टेबल, त्यावर संत्री, पाव, पाण्याचा ग्लास, मेणबत्ती.

"कुठं लावणार?" काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सासूबाईंच्या खुर्चीमागे."

"त्यांना विचारलंय?"

"कलेला परवानगी लागत नाही!" (हे वाक्य मी फक्त दुकानातच म्हणू शकतो.)

घरी सासूबाईंनी आधी चित्र न्याहाळलं, मग मला.

"पाणी, मेणबत्ती, पाव, फळं. मधे जागा मोकळी. फोटो कुणाचा लावताय, जावईबापू?"

ऑक्टोबर संपत आला होता. गेलेल्या माणसांसाठी आम्ही दर नोव्हेंबरात नेमकं असंच टेबल मांडतो, मधोमध त्यांचा फोटो ठेवून. दुकानात हे सुचलंच नाही. मी रंगसंगती बघत होतो!

"आई, हे नुसतं टेबल आहे."

"मग तिरकं का?"

"चित्रकारानं ते एकाच वेळी सगळ्या बाजूंनी पाहिलंय."

"म्हणजे पाळत! तरीच काल सूप कडू लागलं."

"सूप तुम्हीच केलं होतंत!"

सकाळी चित्र भिंतीकडे वळलेलं आणि सासूबाई ट्रंक भरताहेत. माझी बायको मारिक्रूस दारात उभी.

"आई मावशीकडे गेली तर मीही जाते. तू आणि तुझी संत्री, सुखानं नांदा."

चित्र उतरवणं म्हणजे शरणागती. मी ते सरळ केलं आणि काचेवर मधोमध माझाच कॉलेजातला फोटो चिकटवला.

"घ्या! भरली जागा. मिटला संशय?"

सासूबाईंचा चेहरा उजळला. ट्रंक रिकामी झाली. त्यांनी फ्रेमला झेंडूची माळसुद्धा घातली आणि म्हणाल्या, "आता कशी कला वाटते!" जिंकलो! मी विजयाची कॉफी करायला आत गेलो.

तेवढ्यात शेजारच्या सोकोर्रोबाई पावाची टोपली घेऊन डोकावल्या. फोटो पाहिला, छातीवर क्रुसाची खूण केली आणि टोपली मारिक्रूसच्या हातात दिली.

"इतक्या तरुण वयात गं!"

मी कप घेऊन बाहेर आलो. बाईंनी मला नखशिखांत पाहिलं, मग टोपलीकडे हात पुढे केला.

"पाव परत दे गं. आमच्याकडे खरोखर गेलेले ताटकळलेत."