मंगळम राहिलेली कॅसेट

"ह्या मांडीवर ज्याचा ताल बसत नाही, असं गाणं जगात जन्मायचं आहे," असं मद्रासमधल्या मैलापूरचे मानाजीराव मांडी थोपटून सांगत. डिसेंबरच्या संगीतसभांमध्ये पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची ठरलेली. नुसत्या खोकल्यावरून मृदंगवाला ओळखतो, असंही ते म्हणत. आता ते म्हणत, तर आपण कशाला नाही म्हणायचं.

ब्याण्णवच्या जूनमध्ये ही मांडी हरली.

त्यांची एकुलती एक लेक कृष्णवेणी संध्याकाळच्या गाडीने पुण्याला नोकरीवर निघायची होती. सकाळी ती मैत्रिणींचा निरोप घ्यायला गेली आणि तिची लाडकी कॅसेट टू-इन-वनमध्येच राहिली. इंग्लंडातल्या चार काडीपैलवान पोरांचा बँड, कव्हरवर चौघंही आपापल्या बुटांकडे बघताहेत. ही पोरं आधी एकेक गाणं सुटं विकत, आणि मग त्या सगळ्या सुट्या गाण्यांची ही कॅसेट निघाली. म्हणजे मोगरा आधी कळी-कळीने विकायचा आणि उरल्यावर गजरा करायचा, तशातली गत. लंडनच्या मैत्रिणीने पाठवलेली. चोरट्या विलायती मालाच्या बर्मा बाजारातसुद्धा मिळायची नाही.

वर्षभर पोर दार लावून हे ऐकत होती. जाण्याआधी तिला काय आवडतं ते तरी कळावं, म्हणून मानाजीरावांनी बटण दाबलं.

पहिलं गाणं गोड निघालं. मुलगा बिचारा नाकात गात होता, पण मनापासून. मांडीवर आदिताल बसला. मानाजीराव खुलले, म्हणाले, "शाबास." आणि नेमकं रंगात आल्यावर गाणं बारीक होऊ लागलं. मानाजीरावांनी आवाजाचं बटण पिळलं. गाणं आणखी बारीक. आणखी पिळलं. शेवटी बटण पार टोकाला आणि कान यंत्राला, अशा अवस्थेत दुसरं गाणं सुरू झालं.

कपालीश्वराच्या तळ्यातले मासे हातभर वर उडाले म्हणतात. माशांचं मला माहीत नाही, पण खालचे नारायणस्वामी एका गालाला साबण लावून जिने चढून आले, हे खरं.

"कोण गेलं?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"कॅसेट गेली," मानाजीराव म्हणाले. "पोरीचा जीव आहे तिच्यात, आणि मी बिघडवली."

नारायणस्वामी रिटायर्ड व्हायलिनवाले. त्यांनी पंख्याकडे पाहून व्होल्टेज तपासलं, कापसाने यंत्राचं हेड पुसलं, मग दोघांनी मिळून तिसरं ऐकलं, चौथं ऐकलं. प्रत्येक गाणं रंगात यायचं आणि विझत जायचं. समेवर येणं नाही, शेवट नाही.

"बिघाड नाही," नारायणस्वामींनी निकाल दिला. "पोरं गरीब आहेत. स्टुडिओवाला वेळ संपली की दाराबाहेर ढकलत असणार. गात गातच बाहेर जातात."

"सगळीच अर्धी?"

"मैफल संपवायचं मंगळमसुद्धा नाही."

इथे मानाजीरावांचं काळीज हललं. मंगळम गायल्याशिवाय मैफलीतून उठू नये, हे त्यांना आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. आणि पोर पहिल्यांदा घर सोडणार, ती अशी अपुऱ्या गाण्यांचं गाठोडं घेऊन? दुसऱ्या बाजूच्या शेवटी थोडी टेप कोरी होती. रेकॉर्डिंग होऊ नये म्हणून मोडलेली खिटी त्यांनी सेलोटेपने झाकली. जागा चुकली तर एखादं गाणं कायमचं पुसलं जाणार, म्हणून लाल बटण दाबण्याआधी त्यांनी जागा तीनदा तपासली.

"कामाक्षी, आता आवाज नको," त्यांनी स्वयंपाकघरातल्या बायकोला बजावलं.

"पुळियोदरेचा चिंचभात लावलाय. कुकरला तुम्हीच सांगा."

मानाजीराव गायले. नारायणस्वामींनी साबण तसाच ठेवून, खालून व्हायलिन आणून साथ केली. पुन्हा ऐकून बघणार, तोच जिन्यावर कृष्णवेणीच्या चपला वाजल्या. कॅसेट डबीत गेली, डबी तिच्या पेटीत, आणि मानाजीराव पेपरमध्ये. पेपर उलटा होता.

संध्याकाळी स्टेशनवर त्यांनी तिची पेटी बाकाखाली सरकवली. गाडी हलली. कृष्णवेणी खिडकीतून सांगत राहिली, "अप्पा, गोळ्या वेळेवर घ्या. अम्माशी भांडू नका. पोचले की..." आवाज बारीक होत गेला. मानाजीरावांचा उजवा हात आपोआप वर गेला आणि हवेत काहीतरी पिळू लागला.

"हाताला काय झालं?" कामाक्षीने विचारलं.

"काही नाही." हात खाली यायला वेळ लागला.

पुढे एका रविवारी नारायणस्वामींकडे मानाजीरावांसाठी फोन आला.

"अप्पा, माझ्या कॅसेटवर तुम्ही गायलात?"

"गाणी अर्धी होती गं. राग आला?"

"अर्धी नाहीत, अप्पा. मुद्दाम तशी करतात. गाणं चालूच आहे, फक्त लांब गेलंय, असं वाटावं म्हणून."

"हां," मानाजीराव म्हणाले. "स्टेशनवर समजलं मला."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"हॉस्टेलच्या पोरी रोज शेवटचंच लाव म्हणतात. इंग्लिश पोरांनी घाम गाळला आणि नाव अम्माने मिळवलं."

"अम्माने?"

"तुमच्या मंगळमवर कुकरच्या शिट्ट्या आहेत. आणि मग अम्मा म्हणते, 'झालं असेल तर त्यांना तोंड धुवायला सांगा, साबण वाळला.' पोरी आता एका सुरात म्हणतात ते."

"आणि व्हायलिन?"

"व्हायलिन होतं?"

मानाजीरावांनी फोन ठेवला. नारायणस्वामी शेजारीच उभे होते, दोन्ही गाल गुळगुळीत करून.

"माझ्याबद्दल काय म्हणाली?"

"म्हणाली," मानाजीरावांनी घसा साफ केला, "साथ अशी हवी की वाजतेय हे कळू नये."

नारायणस्वामींचे डोळे भरून आले. तेव्हापासून ते भेटेल त्याला सांगतात, की इंग्लंडातल्या बँडच्या कॅसेटवर मी वाजवलंय. आता हे खोटं आहे, असं तरी कुठल्या तोंडाने म्हणायचं?