लालासाहेबांचा न उडालेला बार

नाथाजीरावांचं म्हणणं असं, की सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत गुन्हेगार पुष्कळ असले तरी डिटेक्टिव्ह एकच. तो एकच कोण, हे विचारायची सोय त्यांनी ठेवली नव्हती. कडेगावच्या स्टँडसमोर साडेतीन फुटी पाटीवर त्यांनी लाल रंगात लिहून घेतलं होतं : ‘खाजगी गुप्त पोलीस. चोरी, चालचलन, बंदुका व दुभत्या म्हशी यांची खात्रीशीर परीक्षा.’ गुप्तपणा एवढा ठळक असल्यामुळे चोरांचीही सोय झाली. ते दुसऱ्या रस्त्यानं जात.

आपलं नाक पोपटाचं, नजर घारीची आणि स्मरणशक्ती… ही तिसरी गोष्ट कुणाची, ते त्यांना ऐन वेळी आठवायचं नाही. फौजेत त्यांनी बावीस वर्षं हत्यारांच्या गोदामात काढली. हजारो रिव्हॉल्व्हरं हाताखालून गेली, असं ते सांगत. ती सगळी खिळे मारलेल्या पेट्यांत होती आणि नाथाजीराव पेट्या मोजत होते, हे मात्र सांगायचं राहून जाई.

ही राहून गेलेली गोष्ट ठाऊक असलेला माणूस म्हणजे त्यांचा मदतनीस आकाराम. त्याचं सायकलचं दुकान होतं. डिटेक्टिव्हाला वाहन लागतं आणि आकारामच्या सायकलला कॅरिअर होतं, एवढ्यावर त्याची नेमणूक झाली होती.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली दसऱ्याच्या तीन आठवडे आधी लालासाहेब बागायतदारांना रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळाला. जिवाला धोका म्हणाल तर कुणाचाच नव्हता. पण भाऊकीतल्या भाऊसोच्या कमरेला विलायती रिव्हॉल्व्हर होतं, आणि त्यामुळे लालासाहेबांचं धोतर त्यांनाच मोकळं मोकळं वाटायला लागलं होतं. पारख करायला त्यांनी नाथाजीरावांना मिरजेला नेलं. आकारामही गेला, कारण पिशवी कुणीतरी धरायला हवी होती.

दुकानदारानं टेबलावर तीन नग मांडले. एक विलायती, एक बेल्जियमचं, आणि तिसऱ्यावरची अक्षरं इतकी घासली होती, की त्याचा देश देवालाच ठाऊक. पहिल्या दोघांच्या किमती ऐकून लालासाहेबांनी पानाचा विडा गिळला. जीप घेताना हा माणूस घासाघीस करत नाही. पण शोभेच्या वस्तूला पैसा मोजायचा म्हटलं की त्याच्या कनवटीची गाठ सुटत नाही.

नाथाजीराव पुढं सरसावले. रिव्हॉल्व्हरची परीक्षा त्यांनी खिलारी बैलाची करतात तशी केली. तोंड उघडून पाहिलं, पाठीवर थाप मारली, नळीत फुंकर घातली आणि डोळे मिटून हुंगलं.

“विलायती म्हंजे पेन्शनर,” ते म्हणाले. “बेल्जम लय नाजूक, आपली हवा सोसायचं न्हाई. ह्यो तिसरा गडी मातूर राबणारा हाय. नाव न्हाई, गाव न्हाई, पन हाड बघा!”

मग त्यांनी दुकानदाराचा हात उपरण्याखाली घेतला आणि जनावरांच्या बाजारातल्यासारखी बोटं दाबून भाव केला. दुकानदाराला ही रीत माहीत नव्हती. त्याला वाटलं, याला आकडी आली. त्यानं पाणी मागवलं आणि घाबरून भाव उतरवला.

“पाव्हणं,” नग बांधून देताना तो म्हणाला, “महागडं एकदा रडवतं, स्वस्त बारबार रडवतं, एवढं ध्यानात ठेवा.”

“बारबार म्हंजे लागोपाठ बार हुत्यात की! त्येच पायजे आमाला,” नाथाजीराव म्हणाले, आणि व्यवहार पक्का झाला.

दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी गाव माळावर जमलं. लालासाहेब पुढं झाले, हात वर केला आणि चाप ओढला. मागचा घोडा झोपेतून उठल्यासारखा हलला आणि अर्ध्या वाटेत पेंगला. बार नाही, धूर नाही. दुसऱ्यांदा ओढला. ‘टुच’ असा काहीसा आवाज आला; तोही गर्दीतल्या कुणीतरी तोंडानं काढला होता म्हणतात.

“लालासाहेब,” भाऊसो ओरडला, “तुमच्या पिस्तुलाला घोडा हाय का गाढाव?”

गाव हसलं. हसणारं गाव पाहून लालासाहेबांना कुणावर तरी ओरडायलाच हवं होतं, आणि समोर गुंडा होता. गुंडा त्यांच्या मळ्याचा राखणदार, चौदा वर्षांचा जुना. रिव्हॉल्व्हरचा पट्टा घासायला दोन दिवस त्याच्याकडं दिला होता.

“ह्येनंच काय तरी केलंय! भाऊसोला फितूर झालाय!” लालासाहेब सगळ्यांदेखत गरजले. “उद्या दिस मावळायच्या आत खोप मोकळी कर. बायकू-पोरं घिऊन चालता हो!”

गुंडानं मुंडासं सोडलं आणि पुन्हा बांधलं. माणूस खरा असला की त्याला लगेच बोलता येत नाही, हे आकारामला त्याचं तोंड बघून कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपास सुरू झाला. सायकल चढाला लागल्यावर आकारामनं मनातलं बोलून टाकलं. “नाथाजीराव, नगच भिकार आसंल. गरिबाच्या पोटावर कशापायी पाय आनायचा?”

“नग भिकार निघाला तर पारखणारा कोन ठरतो?” कॅरिअरवरून उत्तर आलं. “माल चोख हाय. म्हंजे मानूस खोटा. सरळ हिशेब हाय गड्या.”

आकारामला त्यांना तिथंच उतरवावंसं वाटलं. पण चढ होता, आणि उतरलेले नाथाजीराव चालताना जास्त बोलत.

लालासाहेबांच्या अंगणात चौरंगावर रिव्हॉल्व्हर ठेवलं होतं. नाथाजीरावांनी त्याला तीन प्रदक्षिणा घातल्या. पहिला निष्कर्ष निघाला, की खरा नग भाऊसोनं पळवला आणि हा त्याचा जुळा भाऊ आहे. लालासाहेबांनी मुठीवरचा ओरखडा दाखवला, तेव्हा तो निष्कर्ष मागं घेतला. मग त्यांनी वास घेतला. आंबूस. “इष! परदेशी इष!” म्हणून ते हात धुऊन आले.

एवढ्यात त्यांच्या घारीच्या नजरेला मुंग्या दिसल्या. चौरंगाच्या पायावरून रांग वर चढत होती आणि थेट नळीत शिरत होती.

“सापडलं!” नाथाजीराव किंचाळले. “मुंगी कशाला येती? गोडाला. काडतुसात गोड काय आसतंय? कायबी न्हाई. म्हंजे कुनीतरी दारू काडून आत गूळ भरलाय! गुंडाच्या खोपीची झडती घ्या!”

झडती झाली. फडताळात मूठभर गूळ सापडला. त्या गावात गूळ नाही असं एकच ठिकाण होतं, ते म्हणजे मारुतीचं देऊळ. आणि तिथंही शनिवारी असायचा. पण पुरावा तो पुरावा. गूळ कागदात बांधून चौरंगावर ठेवला गेला. गुंडाची बायको अंगणालगतच्या खोपीच्या दाराशी भांडी बोचक्यात भरत होती. ती वाजत होती, आणि आकारामला मान वर करवेना.

नाथाजीराव निकाल द्यायला उभे राहिले. दारात बरीच माणसं गोळा झाली होती. भाऊसो होता, गुंडाही होता. ते घसा खाकरणार, तोच स्वयंपाकघरातून लालासाहेबांची आई साळूबाई तांब्या घेऊन बाहेर आली.

“उराकलं का तुमचं?” ती म्हणाली. “मंग ते नवं हत्यार द्या हिकडं. मुंग्या लागल्यात म्हनं. पानी घालून धुऊन ठिवते.”

“आये, त्येला पानी घालत्यात व्हय?” लालासाहेब वैतागले.

“आन मंग परवा खंडेनवमीला काय घातलं? कोयतं, इळं, कुऱ्हाडी, समदी हत्यारं पुजली न्हवं का मी? जुन्यास्नी नुसतं पानी. ह्येचा पयलाच सन, म्हनून ह्येला पंचामृत घातलं. दही, दूध, तूप, मध, साखर. सा भोकं हाईत, येकेकात येकेक पळी. सुनंनं वरनं पुसलं, आतलं ऱ्हायलं आसंल.”

अंगणात कुणी हललं नाही. फक्त मुंग्या हलत होत्या.

“काडतुसं घालताना चिकाट लागलं हुतं मला,” लालासाहेब पुटपुटले. “नाथाजीराव म्हनलं, परदेशी त्याल आसंच आसतंय.”

आकारामनं हँडलच्या पिशवीतून पान्हा, पेचकस आणि रॉकेलचा डबा काढला. सायकलच्या फ्रीव्हीलला चिखल बसतो तेव्हा करतो तेच त्यानं केलं. रॉकेलमध्ये दह्याच्या गुठळ्या सुटल्या, आणि नळीतून तुळशीचं एक पान निघालं. ते साळूबाईनं उचलून डोळ्यांना लावलं. नग पुसून त्यात नवी काडतुसं घातली. लालासाहेबांनी मळ्याच्या बांधाकडं तोंड करून चाप ओढला, आणि असा बार झाला की भाऊसोची म्हैस दावं तोडून पळाली.

“बघा!” नाथाजीराव आनंदानं नाचले. “माल चोख! म्या सांगितलं हुतं!”

लालासाहेबांनीही मिशीवर हात फिरवला. मग काही झालंच नाही अशा सुरात म्हणाले, “जा रं गुंडा, उसाला पानी सोड.”

गुंडा जागचा हलला नाही.

“काल साऱ्या गावाम्होरं फितूर म्हनलासा,” तो म्हणाला. “आन आज नुसतं पानी सोड? आवं मालक, आमाला बी तोंड हाय. गावाम्होरं म्हनला, गावाम्होरंच पुसा.”

लालासाहेबांनी नाथाजीरावांकडं पाहिलं. तुमचं काम, तुम्हीच निस्तरा, असं ते पाहणं होतं. नाथाजीराव ओट्यावर चढले.

“तपासात निष्पन्न झालं,” ते म्हणाले, “की गुंडा निर्दोष हाय.”

“मंग ह्यो गूळ?” गर्दीतून कुणीतरी विचारलं.

“गूळ… खायाचा हाय.”

“मंग खोटं कोन पडलं?”

नाथाजीरावांनी तोंड उघडलं. आता हा परदेशी तेलावर ढकलणार, नाहीतर मुंग्यांवर, अशी आकारामची खात्री होती. पण नाथाजीरावांची नजर गुंडाच्या बायकोच्या बोचक्यावर गेली होती.

“मी,” ते म्हणाले. “नग बरा निघाला, पन मानसाची पारख मला जमली न्हाई.”

आकारामला त्यांच्याबद्दल एकदम माया वाटली. सोबतीच्या नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

“ह्ये निम्मं झालं,” साळूबाई म्हणाली. “उरल्यालं निम्मं कमरंला पट्टा बांधून हुबं हाय. त्येला वाचा फुटू दे की.”

लालासाहेबांनी भाऊसोकडं पाहिलं, आईकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

“माझं बी चुकलं,” ते मिशीत म्हणाले.

“मला म्हातारीला कमी ऐकू येतंय रं.”

“माझं चुकलं, गुंडाबा!”

गुंडानं मान हलवली. बायकोला म्हणाला, “भांडी लाव माघारी.” मग खोपीला टेकवलेलं खोरं खांद्यावर टाकून तो उसाच्या वाटेनं चालू लागला, कारण दिवस वर आला होता आणि पाणी सोडायचं राहिलं होतं.