बोडीखालची बांधी आणि विलायती शहाणपण

अंक पहिला. बापूजीने अंगणात जाहीर केलं, "मंडई झाली का वाटण्या करतो. बोडीखालची बांधी ज्याची माया खरी, त्याले."

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची, नाटकांची गावजत्रा; आणि बोडीखालची बांधी म्हणजे तळ्याच्या पाण्यावर हमखास पिकणारं धानाचं शेत. ते नावावर असेल तरच ब्रह्मपुरीचा मुखरू आपली लेक कमळा धाकट्या देवाजी मास्तरला देणार होता.

थोरला इसरू तिथल्या तिथे बापाच्या पायाशी बसला. "बा, तुमी म्हंजे देव! मले बांधी नाई, तुमची सावली पाह्यजे."

देवाजीला असं बोलता येत नव्हतं. तो नागपूरला शिकला होता.

अंक दुसरा. देवाजीने एका थोर इंग्रज नाटककाराला कामाला लावलं. या कवीचं शहाणपण सर्वकाळ, सर्वत्र लागू पडतं, असं त्याचे प्राध्यापक सांगत. प्राध्यापकांना बांधी नव्हती.

मंडईत नाटक लागलं. म्हातारा राजा गोडबोल्या लेकरांना राज्य वाटतो, खरं बोलणाऱ्याला हाकलतो आणि रानोमाळ भिजत फिरतो. मूळच्या लेकींचे देवाजीने लेक केले, कारण गावात मिशी काढायला कोणी तयार होईना. गोडबोल्याचं काम मुद्दाम इसरूला दिलं. खरं बोलणारा अर्थात देवाजी. समोर बसलेला बापूजी घोंगड्यात तोंड खुपसून रडला. ते ऐकत देवाजी राजाच्या मांडीवर समाधानाने मेला.

अंक तिसरा.

"बा, वाटण्या कधी?" सकाळी देवाजीने विचारलं.

"कायच्या वाटण्या? जित्तेपणी वाटलं तं राजा रानात गेला. मी येडा हावो का?"

दुपारपर्यंत गावातल्या झाडून सगळ्या म्हाताऱ्यांनी वाटण्या रद्द केल्या. तरुण मंडळी मास्तरला शोधू लागली. हार घालायला नव्हे.

अंक चौथा (नायक घाबरल्यामुळे पाचवाही इथेच उरकला आहे). मुखरू बांधी पाहायला आला, खाटेवर बसला. देवाजीने घाईघाईने बापाचे पाय दाबायला घेतले. "बा, तुमी म्हंजे..."

बापूजीने पाय ओढून घेतला. "गोड बोलून राह्यला? असं कोन बोलते, पाह्यलं मी नाटकात!"

तिकडून इसरू ओरडला, "बुढ्या, डोकं फिरलं का तुयं? बीडी इझव! धानाच्या तनसीले आग लावशील!"

बापूजी थबकला. त्याचे डोळे भरून आले. "पाह्य मुखरूभाऊ, कसा खरा बोलते माया पोरगा!"

इसरूने नम्रपणे आणखी एक शिवी दिली.

"ठरलं," बापूजी म्हणाला. "वाटून राजा फसला, म्हून मी वाटतच नाई. सारंच इसरूले!"

मुखरूने छत्री उचलली.

"बा," देवाजी कळवळला, "पन नाटकात खरा तं मीच होतो!"

"त्यात का मोठं?" बापूजीने बीडी विझवली. "लिवलं बी तूनंच."